पुन्हा स्वतःच्या हाताने

जेवणाची वेळ झाली आहे. जबलपूरमधील एका रुग्णालयाच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर साठी ओलांडलेले एक गृहस्थ उशांना टेकून बसले आहेत. गन कॅरेज फॅक्टरीत तीस-पस्तीस वर्षे लेथ यंत्रावर काम करून ते निवृत्त झाले. आठ दिवसांपूर्वी पहाटे अंथरुणातून उठताना त्यांचा उजवा हात आणि उजवा पाय एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडे झाले आणि शब्द अडखळू लागले. आता जिवाचा धोका टळला आहे. पत्नी पोळीचा तुकडा वरणात बुडवून घास त्यांच्या तोंडाशी नेते, मुलगा रुमालाने ओठ पुसतो. आसपासच्या खाटांवरची माणसे ही सेवा कौतुकाने पाहतात. तेवढ्यात एक तरुण व्यवसायोपचार तज्ज्ञ तेथे येते. तिच्या हातात जाड मुठीचा चमचा आणि उभ्या काठाची थाळी असते. ती म्हणते, "काकू, आजचे दोन घास काकांना स्वतःच्या हाताने घेऊ द्या." काकू चपापतात. "अहो ताई, त्यांचा हात उचलत नाही, दिसत नाही का तुम्हाला? मी इथे असताना त्यांना कशाला त्रास?" काका मान फिरवून भिंतीकडे पाहू लागतात.

हा प्रसंग कल्पनेतला आहे. परंतु पक्षाघाताच्या रुग्णांसोबत काम करणाऱ्या कोणत्याही व्यवसायोपचार तज्ज्ञाला तो ओळखीचा वाटेल. औषध देणाऱ्या डॉक्टरांना नातेवाईक सहसा विरोध करीत नाहीत. घास भरवू नका असे सांगणाऱ्याला मात्र हा विरोध जवळजवळ रोज सोसावा लागतो, आणि तोही रुग्णावर सर्वाधिक माया करणाऱ्या माणसांकडून. असे का होते, हे समजण्यासाठी आधी हा आजार आणि हा उपचार काय आहे ते पाहिले पाहिजे.

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या एखाद्या धमनीत गुठळी अडकली किंवा ती धमनी फुटली, की मेंदूच्या त्या भागाचे काम थांबते. यालाच पक्षाघात किंवा अर्धांगवायू म्हणतात; जबलपूरच्या रस्त्यावर सगळे त्याला 'लकवा' म्हणून ओळखतात. मेंदूची मोठी धमनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. म्हणूनच लक्षणे दिसताच रुग्णालय गाठण्याची घाई करावी लागते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या बाजूवर आणि उजवा भाग डाव्या बाजूवर नियंत्रण ठेवतो. बहुतेक माणसांत भाषेचे केंद्रही डाव्या भागात असते. त्यामुळे उजवी बाजू लुळी पडलेल्या रुग्णाची वाचाही अनेकदा जाते. नष्ट झालेल्या पेशी परत येत नाहीत. परंतु मेंदूचे उरलेले भाग नव्याने जोडण्या करून गेलेले काम काही प्रमाणात स्वतःकडे घेऊ शकतात. मेंदूच्या या लवचिकपणावरच पुनर्वसनाची सारी भिस्त असते, आणि ही लवचिकता पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत अधिक असते.

'व्यवसायोपचार' या शब्दाने मराठी माणसाचा थोडा गोंधळ होतो. व्यवसाय म्हणजे धंदा किंवा नोकरी, असे आपल्या मनात पक्के बसलेले आहे. इंग्रजीतील 'ऑक्युपेशनल थेरपी' या नावातही तोच घोटाळा आहे. प्रत्यक्षात येथे व्यवसाय म्हणजे ज्या ज्या कामांनी माणसाचा दिवस व्यापलेला असतो ती सर्व कामे: दात घासणे, अंघोळ, सदऱ्याची बटणे लावणे, जेवणे, देवापुढे दिवा लावणे, भाजी निवडणे, मोबाइलवर नातवाशी बोलणे, आणि अर्थातच पोटापाण्याचा उद्योगही. भौतिकोपचार तज्ज्ञ, म्हणजे फिजिओथेरपिस्ट, मुख्यतः स्नायूंचे बळ, तोल आणि चालणे यांकडे लक्ष देतो. व्यवसायोपचार तज्ज्ञ विचारतो, 'हा हात सकाळपासून रात्रीपर्यंत कोणती कामे करीत होता, आणि त्यांतली कोणती पुन्हा करता येतील?' दोघांच्या कामांत काटेकोर सीमारेषा नाही. जेथे दोघांपैकी एकच जण उपलब्ध असतो, तेथे तो दोन्ही कामे आपापल्या परीने ओढतो.

या उपचाराला हे नाव देणारा जॉर्ज बार्टन हा अमेरिकी वास्तुविशारद स्वतःच रुग्ण होता. क्षयाने तो पोखरला गेला होता, पायाचा काही भाग कापावा लागला होता, आणि त्यानंतर शरीराची डावी बाजूही लुळी पडली होती. हातांना काम देत देत तो सावरला आणि १९१७ साली या उपचाराचा प्रसार करणारी पहिली राष्ट्रीय संस्था त्याच्याच घरी स्थापन झाली. भारतात हे शास्त्र आणणाऱ्या बाईंचे नाव महाराष्ट्राला जवळचे वाटावे असे आहे. कमला निंबकर जन्माने अमेरिकन होत्या, मूळच्या एलिझाबेथ लंडी. निंबकरांच्या घरात सून म्हणून त्या भारतात आल्या, पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची आशियातील पहिली शाळा सुरू केली. दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, अखिल भारतीय व्यवसायोपचार तज्ज्ञांची संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारताची गणना झाली. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण मिळू लागले.

नागपूरचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते, आणि पुढे १८६१ पासून १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती. या जुन्या नात्यामुळे जबलपुरात अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, असा त्यांचा व्यवहार चालतो. नर्मदाकाठचे हे शहर महाकोशल भागाचे वैद्यकीय केंद्रही आहे. १९५५ साली सुरू झालेले, आज नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव असलेले वैद्यकीय महाविद्यालय येथे आहे. 'व्हिक्टोरिया' या जुन्या नावानेच लोक ओळखतात ते सेठ गोविंददास जिल्हा रुग्णालय आहे. मंडला, दिंडोरी, सिवनी, नरसिंहपूर, कटनी येथून रुग्ण या शहराकडे येतात. म्हणजे येथे काम करणाऱ्या तज्ज्ञापुढे एकाच सकाळी कारखान्यातून निवृत्त झालेला मराठी कामगार, विड्या वळणारी बाई आणि जंगलपट्टीतील गोंड शेतकरी असे तिघे असू शकतात. तिघांचा आजार एक असला, तरी तिघांचे 'व्यवसाय' वेगळे असतात.

तज्ज्ञापुढची पहिली अडचण वेळेची असते. सार्वजनिक रुग्णालयात खाटा कमी आणि रुग्ण अधिक असतात. रुग्णाची प्रकृती स्थिर झाली की आठ-दहा दिवसांत त्याला घरी सोडावे लागते. त्यांतले पहिले एक-दोन दिवस तर काही करणेच शहाणपणाचे नसते. रुग्णाला जितक्या लवकर उठवावे तितके चांगले, असा समज बराच काळ होता. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मलेशिया, सिंगापूर आणि ब्रिटन या देशांतील दोन हजारांहून अधिक रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली आले आणि या समजाला धक्का बसला. पहिल्या चोवीस तासांतच रुग्णाला वारंवार आणि बराच वेळ उठवून बसवले, तर लाभाऐवजी तोटा होण्याची शक्यता दिसून आली. तेव्हा आरंभी थांबणेही उपचारच ठरतो. पण थांबण्यात गेलेले दिवस मुक्काम संपताना परत मिळत नाहीत.

या थांबण्याच्या काळात एक काम मात्र तातडीचे असते, आणि ते रुग्णापेक्षा नातेवाइकांना शिकवावे लागते. लुळ्या पडलेल्या हाताचे स्नायू सैल झाल्यामुळे खांद्याचा सांधा नुसत्या हाताच्या भारानेही खाली सरकू लागतो. अशा वेळी रुग्णाला उठवण्यासाठी कोणी बगलेत हात घालून किंवा मनगट धरून ओढले, तर खांदा निसटतो. पुढे कित्येक महिने असह्य वेदना होतात आणि त्या वेदनेपायी रुग्ण हाताला स्पर्शही करू देत नाही. म्हणून हाताखाली उशी कशी ठेवायची, कुशीवर कसे वळवायचे, कमरेला धरून कसे बसवायचे, हे तज्ज्ञ प्रत्यक्ष करून दाखवतात. दिवसा शिकवलेले रात्री विसरले जाते, कारण रात्री सोबतीला दुसराच माणूस आलेला असतो. मग सकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मदत म्हणून केलेल्या गोष्टींची यादी येथेच संपत नाही. जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या उशाशी एक रबरी चेंडू असतो. कोणीतरी सांगितलेले असते की तो दाबत राहिल्याने हातात बळ येते. वस्तुतः पक्षाघातानंतर काही आठवड्यांत अनेकांची बोटे आपोआप आत वळून आवळली जाऊ लागतात. मूठ मिटणे त्यांना अवघड नसते; अवघड असते ती उघडणे. अशा हाताला चेंडू दाबायला लावणे म्हणजे बिघाडालाच खतपाणी घालणे. कबुतराचे रक्त चोळल्याने लकवा बरा होतो, ही समजूतही देशाच्या अनेक भागांत आढळते. तिला काहीही शास्त्रीय आधार नाही, आणि ती करण्यात अमूल्य आठवडे निघून जातात. पण अनुभवी तज्ज्ञ नातेवाइकांना झिडकारून बोलत नाहीत. झिडकारलेला माणूस वाद घालत नाही, तो फक्त पुन्हा येत नाही.

काही अडचणी डोळ्यांना दिसतच नाहीत. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना जगाची डावी बाजू जणू उरतच नाही. त्यांचे डोळे शाबूत असतात. मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. असा रुग्ण थाळीच्या उजव्या अर्ध्यातला भात संपवतो आणि जेवण कमी वाढले म्हणून तक्रार करतो. दाढी करताना डावा गाल तसाच ठेवतो. डाव्या बाजूने कोणी हाक मारली तर उजवीकडे शोधू लागतो. 'तुमचा हात लुळा पडला आहे' असे सांगितले तर तो प्रामाणिकपणे म्हणतो, 'छे, मला काहीच झालेले नाही.' घरच्यांना हा हट्टीपणा वाटतो किंवा भ्रम वाटतो. तज्ज्ञाला येथे आधी घरच्यांना समजवावे लागते आणि मग रुग्णाला. थाळीच्या डाव्या कडेला लाल रंगाची पट्टी लावून 'ती दिसेपर्यंत मान वळवा' असे शिकवतात. ज्याला आपले काही हरवले आहे हेच ठाऊक नाही, त्याला ते शोधायला लावणे ही या क्षेत्रातील बहुधा सर्वांत नाजूक कामगिरी होय.

आता पुन्हा खिडकीजवळच्या त्या खाटेकडे जाऊ. काकांचा उजवा हात लुळा आहे. त्यांना जेवता यावे यासाठी दोन मार्ग आहेत. डाव्या हाताने जेवायला शिकवले, तर चार-पाच दिवसांत ते कोणाच्याही मदतीशिवाय जेवू लागतील. उजव्याच हाताला पुन्हा घास घ्यायला शिकवायचे ठरवले, तर अनेक आठवडे लागतील आणि यशाची खात्री देता येणार नाही. पहिल्या मार्गाने आज स्वावलंबन मिळते. पण डाव्या हातावर सगळे निभावू लागले की मेंदू उजव्या हाताला विसरतो. दुसऱ्या मार्गाने आशा जिवंत राहते. पण तोवर रुग्ण परावलंबी राहतो आणि कंटाळून प्रयत्नच सोडतो. आठ दिवसांच्या मुक्कामात या दोहोंचे प्रमाण कसे राखावे, हा निर्णय कोणत्याही पुस्तकात तयार सापडत नाही.

शिवाय आपल्याकडे डाव्या हाताची आणखी एक अडचण आहे. तो शौचानंतरच्या स्वच्छतेचा हात. त्याने अन्नाला स्पर्श करणे अनेकांना अशुभ किंवा किळसवाणे वाटते. काकांनी भिंतीकडे तोंड फिरवले ते केवळ दुखण्याने नव्हे. वॉर्डातल्या वीस माणसांसमोर डाव्या हाताने जेवायची त्यांना लाज वाटत होती. म्हणूनच ती तज्ज्ञ चमचा घेऊन आली होती. चमचा डाव्या हातात धरला तर ते कित्येकांना चालते, बोटांनी घास घेतलेला चालत नाही. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून ती जाड केली की दुबळ्या मुठीतही ती टिकते. पाश्चात्त्य देशांत अशा रुग्णांसाठी काठ लावलेल्या खास थाळ्या विकत मिळतात. आपल्या घरची उभ्या काठाची स्टीलची थाळी तेच काम फुकट करते, खाली ओले फडके ठेवले म्हणजे झाले. काकांचा उजवा हातही रिकामा राहत नाही. तज्ज्ञ तो उचलून थाळीच्या कडेवर ठेवते, थाळी सरकू नये म्हणून. हे अगदीच किरकोळ काम आहे. तरीही ते काम आहे.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न आणखी गुंतागुंतीचे होतात. एका हाताने लुगडे नेसणे जवळजवळ अशक्य असते. परकराची नाडी बांधता येत नाही म्हणून रुग्ण स्त्रीला प्रत्येक वेळी दुसऱ्या बाईला हाक मारावी लागते. नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक किंवा चिकटपट्टी लावणे, निऱ्या आधीच शिवून ठेवणे असे उपाय आहेत. कपडे घालताना दुबळा हात आधी आणि काढताना तो शेवटी, हा नियम एकदा अंगवळणी पडला की ब्लाउज आणि सदरा दोन्ही सोपे होतात. पण 'गाउन घाला, साडी सोडा' असे सांगणे सोपे असले, तरी पन्नास वर्षे साडीत वावरलेल्या बाईला त्यात आपले काहीतरी कायमचे सुटल्यासारखे वाटते.

रुग्णाची स्थिती मोजण्यासाठी जगभर वापरले जाणारे एक मोजमाप १९६५ साली अमेरिकेत तयार झाले. त्याला बार्थेल निर्देशांक म्हणतात. जेवण, अंघोळ, कपडे, शौच, जिना अशा दहा कामांना मिळून शंभर गुण असतात. ते उपयुक्त आहे. परंतु जमिनीवर मांडी घालून बसता येते का, उकिडवे बसता येते का, खाली बसल्यावर कोणाच्या आधाराशिवाय उठता येते का, असे ते विचारत नाही. ज्या घरात चूल, देवघर आणि संडास तिन्ही जमिनीच्या पातळीवर आहेत, तेथे कागदावर बऱ्यापैकी गुण मिळवलेला रुग्णही अंथरुणातच अडकून पडतो.

घास भरवण्यात नेमके काय बिघडते, या प्रश्नाचे उत्तर मेंदूच्या स्वभावात आहे. सुरुवातीला लुळा हात वापरून पाहिला की अपयश येते, घास सांडतो, लाज वाटते. चांगला हात किंवा बायकोचा हात मात्र लगेच यश देतो. मेंदू यातून धडा घेतो की तो हात वापरण्यात अर्थ नाही. काही आठवड्यांनी हातात थोडी शक्ती परत आली, तरी तो धडा पुसला जात नाही. एडवर्ड टॉब या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने माकडांवरील प्रयोगांतून या 'शिकलेल्या अवापरा'चा उलगडा केला. त्यावर त्याने सुचवलेला उपाय कठोर होता. चांगल्या हातावर जाड हातमोजा चढवून तो जागेपणीच्या बहुतांश वेळेत बंद ठेवायचा आणि दुबळ्या हातालाच तासन्‌तास कामाला लावायचे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, २२२ रुग्णांवरील अभ्यासात दोन आठवड्यांच्या अशा सरावाचा लाभ पुढे वर्षभर टिकल्याचे दिसले. हा उपाय मनगट आणि बोटे थोडी तरी हलवता येणाऱ्यांसाठीच आहे. काकांसाठी तो आज नाही, कदाचित तीन महिन्यांनी असेल. तोवर त्यांच्या मेंदूने उजव्या हाताचे नाव वगळू नये, एवढेच तज्ज्ञाला साधायचे असते.

यात सरावाच्या संख्येचे महत्त्व फार मोठे आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत मेंदूत बदल घडण्यासाठी दिवसाला शेकडो वेळा तीच हालचाल करवून घेतली जाते. याउलट, २००९ साली उत्तर अमेरिकेत झालेल्या पाहणीत उपचाराच्या एका सत्रात रुग्णाच्या हाताकडून सरासरी ३२ च उपयोगी हालचाली होत असल्याचे आढळले. साधनसंपन्न देशांतली ही स्थिती असेल, तर एका तज्ज्ञाच्या वाट्याला दिवसाला पंचवीस-तीस रुग्ण येणाऱ्या ठिकाणी काय होत असेल, याची कल्पना करता येते. उरलेल्या शेकडो हालचाली कोठून आणायच्या? त्या दिवसभराच्या कामांतूनच येऊ शकतात: पाण्याचा पेला धरण्यातून, चेहरा पुसण्यातून, गादी सारखी करण्यातून. आणि नेमकी हीच कामे प्रेमळ नातेवाईक रुग्णाच्या हातून काढून घेतात.

तेव्हा नातेवाइकांनाच प्रशिक्षण देऊन तज्ज्ञांची उणीव भरून काढता येईल, असा विचार कोणालाही सुचेल. भारतात त्याची मोठ्या प्रमाणावर परीक्षाही झाली. देशातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर केलेला हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांच्या कुटुंबीयांना रुग्णालयातच पुनर्वसनाचे धडे देण्यात आले आणि पुढे घरी जाऊनही मार्गदर्शन करण्यात आले. उरलेल्यांना नेहमीचे उपचार मिळाले. सहा महिन्यांनी पाहिले तर दोन्ही गटांत मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण सारखेच, ४७ टक्के, निघाले. हा निष्कर्ष निराश करणारा वाटतो, पण त्याने एक गोष्ट स्पष्ट केली. कुटुंब सोबत हवेच. पण ते तज्ज्ञाच्या जागी उभे करता येत नाही. आईला ताप मोजायला शिकवले म्हणून ती डॉक्टर होत नाही, तसेच हे. स्वस्तात सुटणारा प्रश्न म्हणून याकडे पाहणाऱ्यांना हे उत्तर आवडले नसावे.

जबलपूरसारख्या शहरात भाषेचाही प्रश्न येतो. काकांना काही शब्द सापडत नाहीत. पेल्याकडे बोट दाखवून 'हे काय' असे विचारले की ते कधी 'पाणी' म्हणतात, कधी 'गिलास', कधी नुसतेच हात हलवतात. त्यांचे बालपण मराठीत गेले आणि कारखान्यातली पस्तीस वर्षे हिंदीत. मेंदूला इजा झाल्यावर दोहोंतली कोणती भाषा आधी परत येते, यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन फ्रेंच विद्वानांनी परस्परविरोधी मते मांडली. एकाच्या मते आधी शिकलेली भाषा, दुसऱ्याच्या मते रोजच्या वापरातली. पुढील अनुभवाने कोणताच नियम पक्का ठरला नाही. बहुतेकांच्या दोन्ही भाषा बरोबरीनेच सुधारतात, काहींच्या मात्र एकच. म्हणून वॉर्डात केवळ हिंदीतून प्रश्न विचारून 'यांना समजत नाही' असा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. गोंडी बोलणाऱ्या वृद्धेच्या बाबतीत तर हा धोका दुप्पट होतो. तिला सूचना कळली नाही ती आजारामुळे की भाषेमुळे, हे दुभाष्याशिवाय ठरवता येत नाही. आणि दुभाषी म्हणजे बहुधा तिचा शाळकरी नातू असतो. अशा वेळी वस्तू उपयोगी पडतात. हातात फणी दिली की हात आपोआप केसांकडे जातो. फणी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही.

पक्षाघात झालेल्या साधारण तीनांपैकी एका रुग्णाला पुढे नैराश्य येते. तो रडतो, जेवत नाही, व्यायामाला नकार देतो. घरच्यांना तो आळस वाटतो. या नकारामागे बहुधा भविष्याची भीती असते, विशेषतः ज्याचे पोट दोन्ही हातांवर अवलंबून आहे त्याची. विड्या वळणे हा जबलपूर परिसरातील जुना उद्योग आहे. त्यात तेंदूचे पान एका हाताने धरून दुसऱ्या हाताने जर्दा भरावा लागतो आणि दोन्ही हातांच्या बोटांनी विडी वळून दोरा बांधावा लागतो. अशा बाईला 'तुम्ही चालू लागाल' हे आश्वासन अपुरे असते. तिची मजुरी विड्यांच्या संख्येवर ठरते. तिच्यासाठी एका हाताने होणारे कोणते काम शोधता येईल, पाने निवडण्याचे की मोजून गड्ड्या लावण्याचे, हा प्रश्न तज्ज्ञाला औषधाइतक्याच गांभीर्याने घ्यावा लागतो. याला व्यवसायोपचार म्हणायचे की संसाराची चिंता, असा भेद येथे उरत नाही.

घरी जाण्याचा दिवस ठरला की तज्ज्ञाची घाई वाढते. घर पाहिल्याशिवाय सल्ला देणे म्हणजे अंधारात बाण मारणे. मंडल्याच्या पुढे जंगलातल्या गावी जाणे शक्य नसते. म्हणून आता मुलाला मोबाइलवर घराचे चित्रण करून पाठवायला सांगतात: उंबरठा किती उंच आहे, न्हाणीची फरशी घसरते का, संडासापर्यंत किती पावले आहेत, दाराला पकडायला काही आहे का. मग उपाय सुचवता येतात. प्लास्टिकच्या खुर्चीच्या बैठकीला भोक पाडून ती संडासावर ठेवता येते. न्हाणीच्या भिंतीत लोखंडी नळीचा दांडा बसवता येतो. खाटेच्या पायांखाली विटा ठेवल्या की उठणे सोपे होते. दिव्यांगांसाठी साहित्य बनवणाऱ्या 'एलिम्को' या सरकारी महामंडळाचे मुख्य केंद्र कानपूरला असले, तरी त्याचे एक साहाय्यक उत्पादन केंद्र जबलपुरातही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रमाणपत्र मिळाल्यास पात्र रुग्णांना अशी साधने सवलतीत किंवा मोफत मिळू शकतात. मात्र ते प्रमाणपत्र मिळवण्यासाठीही चालत, किंवा कोणाच्या आधाराने, कार्यालयात जावे लागते.

सर्वांत मोठी पोकळी यानंतर सुरू होते. २०१८ साली आलेली आयुष्मान भारत योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल असतानाच्या उपचारांसाठी आहे. मेंदू सर्वाधिक शिकण्याच्या स्थितीत असतो ते पुढचे दहा-बारा आठवडे रुग्ण घरी असतो. दर आठवड्याला शहरात यायचे तर सोबतच्या माणसाची मजुरी बुडते, बसचे भाडे लागते, आणि रुग्णाला बसमध्ये चढवायलाच दोघे लागतात. दोन-तीन फेऱ्यांनंतर बहुतेकांचे येणे थांबते. देशात व्यवसायोपचार तज्ज्ञांची संख्या अपुरी आहे आणि जे आहेत ते बहुतांशी मोठ्या शहरांत एकवटले आहेत. २०२१ साली संसदेने या आणि अशा इतर उपचारांच्या शिक्षणासाठी व नोंदणीसाठी स्वतंत्र आयोग स्थापन करणारा कायदा केला. व्यवसायोपचार तज्ज्ञांची ही मागणी जुनी होती. जिल्ह्याच्या रुग्णालयात पद निर्माण होणे आणि ते भरले जाणे, हे त्यापुढचे टप्पे आहेत.

काकांना नवव्या दिवशी घरी सोडायचे ठरते. त्या दिवशी तज्ज्ञ त्यांच्या मुलाकडून एक सदरा मागवून घेते. काका खाटेच्या कडेला, पाय जमिनीला टेकवून बसतात. डाव्या हाताने ते उजवा हात बाहीत सरकवतात, मग डोके, मग डावी बाही. बटणांपाशी येऊन थांबतात. काकूंचा हात नकळत पुढे होतो आणि तज्ज्ञ तो हलकेच धरून ठेवते. "काकू, थोडं थांबा. त्यांना वेळ लागू द्या." पहिल्या बटणाला चार मिनिटे लागतात, दुसऱ्याला तीन. तिसरे बटण चुकीच्या काजात जाते. काका ते काढतात, आणि आठवड्यात पहिल्यांदाच स्पष्ट मराठीत एक सणसणीत शिवी हासडतात. काकू तोंडाला पदर लावून हसू लागतात. तज्ज्ञ वहीत वेळ लिहून घेते आणि दुसरी एक गोष्ट मुलाला समजावू लागते: दाढीचा आरसा कोठे टांगायचा, आणि पाण्याचा तांब्या उद्यापासून काकांच्या उजव्या बाजूला का ठेवायचा.